पावसाळ्यात मेंढ्या पुन्हा पुन्हा लंगडतात? इंजेक्शनच्या आधी पाय हातात घ्या

लक्षणं

सकाळी वाड्यातून कळप सुटतो तेव्हा दोन-चार मेंढ्या मागे रेंगाळतात. दुखरा पाय टेकला की मान हलते. पुढचे दोन्ही पाय दुखत असतील तर मेंढी गुडघे टेकून चरते. धुऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटतं, मजेत खाते आहे. जवळ जाऊन गुडघ्यावरची लोकर पाहा, घासून गेलेली दिसेल. अंगावरचं मांस उतरतं, दूध आटतं, कोकरू थानाला ढुसण्या देत राहतं पण पोट भरत नाही. मेंढ्याचा मागचा पाय दुखत असला तर तो मेंढीवर चढत नाही. त्या हंगामात गाभण मेंढ्या कमी का, याचं उत्तर चार-पाच महिन्यांनी कळतं.

आणि ओळखीची खूण म्हणजे आठ-दहा दिवसांत मेंढी बरी वाटते, पुन्हा झड लागली की तीच मेंढी लंगडते, पुष्कळदा तोच पाय.

आपल्याकडे अशी मेंढी दिसली की मेडिकलवरून इंजेक्शन आणून टोचायची पद्धत पडली आहे. पाय कोणी उचलून पाहत नाही. दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं की मेंढी दोन दिवस चालते, दोन नख्यांच्या बेचक्यातला काटा मात्र तिथंच राहतो.

काळ्या रानाचा त्रास

आर्द्रा लागल्यापासून हस्त सरेपर्यंत वऱ्हाडातल्या काळ्या वावरात पाय सुका राहणं कठीण. मुरमाड माळावर चरणाऱ्या कळपाला हा त्रास कमी असतो. काळी माती दोन नख्यांच्या बेचक्यात भरते, उघडीप पडली की तिथंच वाळून गोटीसारखी कडक होते. मेंढी चालली की ती गोटी आतली नाजूक कातडी घासते, कातडी सोलते आणि शेणामुतातले जंतू आत शिरतात. लंगडण्याची कारणं डझनभर आहेत, पण पावसाळ्यात फिरून फिरून येणारं बहुतेक लंगडणं या बेचक्यातून सुरू होतं.

पुढच्या तपासण्या फुकटापासून पैसे आणि अंगमेहनत लागणाऱ्या कामांपर्यंत क्रमाने लावल्या आहेत. क्रम सोडून उडी मारली की पैसे जातात.

आधी मोजा, मग तोंड पाहा

एक-दोन मेंढ्यांपासून सुरू होऊन हळूहळू आकडा वाढत गेला असेल तर घरच्या घरी पाहता येतं. काल संध्याकाळी कळप ठणठणीत होता आणि आज दहा-पंधरा एकदम लंगडताहेत, तर खुराला हात लावायच्या आधी तोंड पाहा.

ओठ वर करा. मेंढीला वरचे पुढचे दात नसतात, तिथं कडक गादी असते. त्या गादीवर, हिरड्यांवर आणि जिभेवर फोड किंवा सोललेले चट्टे आहेत का? मग खुराच्या वर, जिथं केस संपून नखी सुरू होते त्या कडेवर आणि बेचक्यात फोड आहेत का? असतील तर लाळ्या-खुरकुताचा संशय धरा. गाई-बैलांसारखी लाळ मेंढी गाळेलच असं नाही. मेंढ्यांच्या तोंडातले फोड लहान असतात आणि लवकर भरतात, म्हणून तोंड साफ दिसलं तरी खात्री समजू नका. गावातली ढोरं लाळ गाळताहेत का, एवढं विचारून घ्या. या रोगात लहान कोकरं काही न दाखवता धडाधड मरतात, हीसुद्धा खूण आहे.

दुसरा संशय नीलजिव्हा रोगाचा. पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग चिलटं वाढतात, ती चावून हा पसरवतात. भारतात तो पहिल्यांदा १९६४ साली नोंदवला गेला, तोही आपल्याच महाराष्ट्रात. यात तोंड सुजतं, ओठ जाड होतात, नाकाभोवती खपल्या धरतात, ताप चढतो. खुराच्या कडेवर लाल पट्टा उठतो आणि मेंढी अंग आखडून, पाठ वाकवून चालते. जीभ निळीच दिसेल अशी वाट पाहू नका, ती फार थोड्या मेंढ्यांत निळी होते.

या दोन्हींपैकी कशाचाही संशय आला की घरचे उपाय तिथंच थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याने अशा रोगाची माहिती देणं पशुपालकावर बंधनकारक आहे. कळप बाजारात नेऊ नका, दुसऱ्याच्या वावरात बसवू नका, सार्वजनिक हौदावर पाणी पाजू नका.

आणखी एक प्रश्न, जो कोणी विचारत नाही. काल चरायला कुठं नेलं होतं? सोयाबीन किंवा गहू निघालेल्या वावरात, खळ्याच्या जागेवर दाणा सांडलेला असतो. मेंढ्यांनी पोटभर दाणा खाल्ला की पोटात आम्ल वाढतं, पोट टम्म होतं, लेंडीऐवजी पातळ हागवण लागते आणि एक-दोन दिवसांत चारही पाय दुखू लागतात. हे खुराचं दुखणं पोटातून आलेलं असतं. त्याच दिवशी डॉक्टर लागतो, उद्यावर ढकलू नका.

पाय धुवा

यातलं काही नसेल तर आता मेंढी बसवा. एका हाताने हनुवटी वळवून तोंड कुशीकडे आणायचं, दुसऱ्या हाताने मागचा भाग आपल्या गुडघ्याकडे ओढायचा. मेंढी ढुंगणावर बसते आणि पाठ आपल्या पायांना टेकते. तशी बसली की ती फारशी धडपडत नाही. चरून पोट भरलेल्या मेंढीला बसवू नका, सकाळी उपाशीपोटी हे काम करा. दिवस भरत आलेली गाभण मेंढी तर बसवायचीच नाही. तिचा एकेक पाय उभ्यानेच मागे उचलून पाहा.

साध्या पाण्याने, जुन्या दातब्रशने बेचकं धुऊन काढा. निम्म्या वेळा इथंच उत्तर सापडतं: वाळलेली माती, बाभळीचा काटा, हिवराचा काटा, सराटा, नाहीतर सोयाबीनच्या खुंटाची टोचलेली काडी. काटा तुटून आत राहिला असेल तर बोटाला टोचतो, डोळ्याला दिसत नाही. म्हणून बेचक्यात बोट फिरवल्याशिवाय तपासलं असं म्हणू नका. काढलेल्या जागी आयोडीन लावा आणि मेंढीला दोन दिवस कोरड्या जागी ठेवा.

नवीन माणसाची इथं हमखास फसगत होते. मेंढीच्या चारही पायांवर, पुढच्या बाजूला, दोन नख्या जिथं फुटतात त्याच्या थोडं वर एक बारीक भोक असतं. त्यातून कधी मेणासारखा चिकट पांढरट गोळा आणि दोन-चार केस बाहेर आलेले दिसतात. ती जखम नाही, नैसर्गिक ग्रंथीचं तोंड आहे. दुसऱ्या पायावर पाहा, तिथंही असतंच. कित्येकजण त्याला गळू समजून पिळतात, त्यात काडी घालतात, आणि मग खरोखरच तिथं पू होतो. भोकाभोवती सूज आणि लाली नसेल तर त्याला हात लावू नका.

वास घ्या

ही तपासणी फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची. धुतलेला पाय नाकाजवळ आणा.

बेचकं लाल, ओलसर, वर पांढरट साय धरल्यासारखं, पण वास नाही आणि नखी घट्ट चिकटलेली आहे: ही फक्त बेचक्याची सोललेली कातडी. पावसाळ्यात कोकरांना फार होते. जागा कोरडी झाली आणि पुढे सांगितलेला फुटबाथ (औषधाच्या पाण्यात पाय बुडवणं) दिला की बरीच प्रकरणं मिटतात.

सडका, नाकात बसणारा वास येतो आणि नखीची आतली कड मांसापासून सुटलेली आहे, तिथं राखाडी चिकट घाण आहे: ही खूरसड. एकदा हा वास ओळखला की माणूस विसरत नाही, हाताला लागला तर संध्याकाळच्या भाकरीपर्यंत राहतो.

दोन्हींचे उपाय आणि धोका वेगळा आहे, म्हणून हा फरक करायचा. सोललेलं बेचकं चिखलामुळे होतं. खूरसडीला मात्र एक खास जंतू लागतो, आणि तो कळपात कोणत्यातरी मेंढीच्या पायातून येतो. मेंढीच्या खुरात, नखीच्या सुटलेल्या कप्प्यात तो महिनोन्‌महिने लपून राहतो, पण बाहेर मातीत त्याचा टिकाव साधारण आठवडा-दोन आठवडेच लागतो. म्हणजे दरवर्षी पावसाळ्यात जे परत येतं ते वावरातून येत नाही, आपल्याच कळपातल्या चार-दोन खुरांतून येतं. उन्हाळ्यात तीच मेंढी जवळजवळ नीट चालते, म्हणून आपण तिला बरी समजतो.

दाबून पाहा

वास नाही, काटा नाही, तरी मेंढी पाय टेकतच नाही. मग दोन्ही हातांत दोन पायांच्या नख्या धरून पाहा. दुखरी नखी गरम लागते. एकेक नखी दाबा, ज्या दाबाला मेंढी पाय झटकते ती पकडा. आत पू धरलेला असतो. कधी खुराच्या वरच्या कडेला मऊ फुगवटा येऊन फुटतो. हे चाकूने उघडायचं काम डॉक्टरचं. सांधा जवळच असतो आणि पू सांध्यात उतरला की पाय कायमचा गेला.

कोकरू लंगडत असेल तर खुरापेक्षा आधी गुडघे आणि घोटे चाचपा. सुजलेला, गरम सांधा म्हणजे बहुधा नाळेतून गेलेला जंतू. त्यावर घरगुती उपाय नाही. पुढच्या वेताला कोकरू पडल्याबरोबर नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची, एवढी काळजी मात्र घरी घेता येते.

खूर कापणं: कमीच बरं

नखी वाढून खाली दुमडली असेल तर तिच्या खाली माती अडकते, म्हणून वाढलेली कड कापावी लागते. खास कात्री नसली तरी चालतं. संत्र्याच्या बागेतला सिकेटर घराघरात असतो, तो धार लावून वापरा. दुमडलेली कड तळव्याच्या पातळीला आणायची, बस्स. गुलाबी झाक दिसली की थांबा. रक्त काढलंत तर तिथं लाल मांस वाढतं, मग मेंढी महिनोन्‌महिने लंगडते.

पूर्वी खूरसडीत सगळी सुटलेली नखी सोलून ‘हवा लागू द्या’ असं सांगायचे. जुनी जाणती माणसं अजूनही सांगतात. नंतरच्या अभ्यासांत उलट दिसलं. दुखत असलेला सडका खूर कापला की जखम भरायला जास्त दिवस लागतात, आणि डॉक्टरने दिलेलं लांब असर राहणारं प्रतिजैविक न कापता दिलं तर मेंढी लवकर सुधारते. म्हणून सड असताना फक्त स्वच्छ करा. कापायचं ते बरं झाल्यावर.

एका मेंढीवरून दुसरीवर जाताना सिकेटर स्पिरिटमध्ये बुडवा. कापलेले तुकडे वाड्यात टाकू नका, गोळा करून जाळा. जंतू त्यात असतो.

वाडा आणि वाट

आता खर्च सुरू होतो, तोही थोडाच. मेंढ्या रात्रभर जिथं बसतात ती जागा आणि पाण्याच्या हौदाभोवतीची जागा, या दोनच ठिकाणी बहुतेक पाय बिघडतात. हौदाभोवती ट्रॉलीभर मुरूम टाकून दाबून घ्या. वाड्याची जागा उंचवट्यावर घ्या, उतार ठेवा. तुरीचं कुटार अंथरत असाल तर ओलं झालं की उचला, नाहीतर त्यातच ऊब आणि ओल धरते आणि जंतूला तेच हवं असतं. फाटकाच्या उंबऱ्यावर कोरडा चुना भुरभुरला तर पायाला थोडा कोरडेपणा येतो. पण त्याला औषध समजू नका आणि बेचकं सोललेल्या मेंढीला चुन्यातून नेऊ नका.

शक्य असेल तर दोन वाडे ठेवा. वाघूर (जाळीचं कुंपण) लावून जागा बदलणाऱ्यांना हे सोपं आहे. एक जागा दोन आठवडे पूर्ण मोकळी राहिली की तिथला खूरसडीचा जंतू संपलेला असतो.

फुटबाथ

दोन-चारपेक्षा जास्त मेंढ्यांच्या पायाला वास येत असेल तर एकेक पाय पुसत बसण्यात अर्थ नाही.

खताच्या दुकानात मिळणारं झिंक सल्फेट घ्या, १० लिटर पाण्याला १ किलो. आठ फूट लांब, दीड फूट रुंद पत्र्याच्या ट्रेमध्ये अडीच इंच पाणी भरायचं तर साधारण ७० लिटर लागतं, म्हणजे ७ किलो. ट्रे नसेल तर तेवढा खड्डा खोदून जाड ताडपत्री अंथरा. तळाशी पोतं टाका, मेंढ्या घसरत नाहीत आणि पाणी उडत नाही. दोन्ही बाजूंनी तट्ट्या उभ्या केल्या की मेंढ्या सरळ चालतात.

बरेचजण पाय बुडवतात आणि गुण येत नाही म्हणतात, त्याची कारणं ठरलेली आहेत. एक म्हणजे चिखलाचे पाय तसेच बुडवले. आधी साध्या पाण्यातून न्या. दुसरं, मेंढ्या ट्रेमधून पळवत नेल्या. नुसतं सोललेलं बेचकं असेल तर दोन-तीन मिनिटं पुरतात, खूरसडीत मेंढी पंधरा मिनिटं तरी उभी राहिली पाहिजे. म्हणून थोड्या-थोड्या मेंढ्या घ्या. तिसरं आणि सर्वांत मोठं, बाहेर निघाल्या की थेट चिखलात सोडल्या. अर्धा-एक तास कोरड्या, टणक जागेवर उभ्या ठेवा, फरशीवर किंवा झाडलेल्या खळ्यावर. फुटबाथच्या आधी मेंढ्यांना पोटभर पाणी पाजा म्हणजे त्या औषधाच्या पाण्याला तोंड लावणार नाहीत. आठवड्यातून एकदा, तीन-चार आठवडे.

मोरचूद (कॉपर सल्फेट) स्वस्त पडतो म्हणून बरेचजण तोच वापरतात. माझं मत विरोधात आहे. तांब्याचं विष मेंढीला गाई-बैलांपेक्षा फार लवकर चढतं. ते यकृतात साठत जातं, मग एके दिवशी डोळे पिवळे, लघवी तांबडी-काळी आणि मेंढी खलास. गाईंसाठीचं खनिज मिश्रणही त्यातल्या तांब्यामुळेच मेंढ्यांना देऊ नये. उरलेलं फुटबाथचं पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

उन्हाळ्यातलं काम

हे कोणी करत नाही आणि म्हणूनच दरवर्षी तेच होतं. एप्रिल-मे मध्ये रान कोरडं असतं, जंतू एका मेंढीतून दुसरीत जात नाही. त्या वेळी सगळ्या कळपाचा प्रत्येक पाय पाहा. वाकडी नखी, नखीखाली पोकळ कप्पा, त्यात काळपट घाण आणि हलका वास असलेल्या मेंढ्या निवडा. पावसाळ्यातल्या लंगड्या मेंढ्यांच्या शिंगाला किंवा पाठीला रंगाची खूण केली असेल तर शोधणं सोपं जातं. या मेंढ्या वेगळ्या काढून डॉक्टरकडून उपचार करून घ्या. उपचार करूनही जिचा पाय सुधरत नाही ती कळपातून काढा, कितीही दुधाळ असली तरी. तिची कोकरंही पैदाशीला ठेवू नका.

बाजारातून आणलेली मेंढी तीन-चार आठवडे वेगळी बांधा. स्वस्तात मिळालेल्या एका लंगड्या मेंढ्यापायी अख्ख्या कळपाला खूरसड लागते.

थांबा आणि डॉक्टरला बोलवा

वर ठिकठिकाणी सांगितलंच आहे. त्याशिवाय: ताप १०४ फॅरनहाइटच्या वर, मेंढीने चारा सोडला, पाय स्वच्छ करूनही दोन दिवसांत टेकत नाही, नखी सुटून हलते आहे, जखमेत अळ्या खोलवर गेल्या आहेत, किंवा दिवस भरलेली गाभण मेंढी उठतच नाही (हे बहुधा पायाचं दुखणं नसतंच). फुटबाथच्या तीन फेऱ्यांनंतरही नव्या मेंढ्या लंगडत असतील तरीही बोलवा.

माणसांचं दुखण्याचं इंजेक्शन मेंढीला देऊ नका. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक हे दुखण्याचं औषध २००६ पासून बंद आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात, आणि गडचिरोलीकडे ती मोजकीच उरली आहेत. डॉक्टर दुसरं औषध देतात. प्रतिजैविक दिलेली मेंढी किती दिवस कापायला विकायची नाही, तेही त्यांनाच विचारा.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना जवळ नसेल तर १९६२ वर फोन करा, फिरतं पथक येतं. प्रकरण चिवट असेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आणि नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. डॉक्टर येणार असेल त्या दिवशी मेंढी सावलीत कोरड्या जागी बांधा, पाय साध्या पाण्याने धुवा पण काही लावू नका, कारण जांभळं औषध फासलेल्या पायात त्यालाही काही दिसत नाही. आधी टोचलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका, त्याच्या हातात द्या.